शंकरपाळ्याचं खालचं टोक: उलटलेल्या पायलोनायडल सायनसचं एक प्रकरण

रुग्ण २३ वर्षांचा, सडसडीत बांध्याचा, अंगावर दाट केस असलेला मुलगा. पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे मैदान आणि मग रात्रीपर्यंत अभ्यासिकेतली प्लॅस्टिकची खुर्ची. माकडहाडाच्या वर, दोन नितंबांमधल्या घळीतून पू आणि रक्ताळ पाणी येत होतं. हाच पायलोनायडल सायनस: घळीतल्या त्वचेखाली तयार झालेली, केसांनी भरलेली वाहती पोकळी. ताप नव्हता, ठणकाही फारसा नव्हता. पण चड्डी रोज डागाळायची, आणि वास येतोय की काय या धास्तीने तो अभ्यासिकेत कोपऱ्यातली जागा धरून बसायचा.

दुखणं तीन वर्षांचं होतं. सुरुवात गळवाने झाली. आपल्याकडे कमरेखाली मागच्या बाजूला काहीही झालं की ती मूळव्याधच ठरते, त्यामुळे आधी मूळव्याधीच्या पुड्या झाल्या. गळू पिकल्यावर चिरा देऊन पू काढला गेला. वर्षभराने पुन्हा वाहायला लागलं, तेव्हा एका रुग्णालयात सगळा सायनस काढून जखम मध्यरेषेवरच सरळ टाके घालून बंद केली. टाके काढल्यावर दोनच दिवसांत खालचा दोन-अडीच सेंटिमीटर भाग उसवला. दोन महिने ड्रेसिंग करून तो भरला आणि साधारण सव्वा वर्षाने परत तीच कथा. फाइलीत एक एमआरआयही होता आणि चिठ्ठीवर ‘भगंदर?’, म्हणजे गुदद्वाराच्या आतून बाहेर फुटलेली नळी, असं प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं होतं.

पालथं झोपवून, नितंब फाकवून, चांगल्या उजेडात पाहिलं की या आजारात एमआरआयची गरज क्वचितच पडते. मध्यरेषेवर सहा सेंटिमीटरचा जुना व्रण होता. पातळ, पांढुरका, घळीच्या तळाशी चिकटलेला. त्याच्या खालच्या निम्म्या भागात टाचणीच्या डोक्याएवढी तीन छिद्रं. सर्वांत खालचं छिद्र गुदद्वारापासून चार सेंटिमीटरवर होतं आणि त्यातून एक काळा केस चक्क बाहेर डोकावत होता. डावीकडे, मध्यरेषेपासून तीन सेंटिमीटरवर, लाल मांसाचा कोंब आलेलं एक तोंड. त्यात हलकेच प्रोब (बोथट टोकाची सळई) घातला तर तो मध्याकडे आणि वर सरकला, गुदद्वाराकडे गेला नाही. बोटाने गुदतपासणी केली, आत कुठेही तोंड लागलं नाही. भगंदराचा प्रश्न तिथेच मिटला.

रुग्णाचा पहिला प्रश्न होता, “सर, एकदा कापून काढलं होतं ना सगळं? मग परत आलं कुठून?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट कळलं तर कुठला फ्लॅप करायचा, म्हणजे शेजारची त्वचा-चरबी कशी सरकवून जखम बुजवायची, हेही अर्धंअधिक कळतं.

हा आजार जन्मजात आहे, तिथे आतच एखादी पिशवी असते आणि ती मुळापासून खणून काढली की काम झालं, असं वैद्यकाने बरीच वर्षं मानलं. ‘पायलोनायडल’ हे नाव हॉजेस या अमेरिकन सर्जनने १८८० साली दिलं. त्या समजुतीला जोरदार धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकी लष्करातले सुमारे ८०,००० सैनिक या एका दुखण्यासाठी रुग्णालयात पोचले. खडबडीत रस्त्यांवर तासन्‌तास जीपमध्ये आदळणारे तरुण त्यात इतके होते की ब्युई या अमेरिकन सर्जनने १९४४ साली याला ‘जीपचा आजार’ म्हटलं. १९४६ मध्ये पेटी आणि स्कार्फ या ब्रिटिश डॉक्टरांनी उलटा विचार मांडला: केस आत उगवत नाही, बाहेरून आत शिरतो. केशकर्तन करणाऱ्या कारागिरांच्या बोटांच्या बेचक्यातही असाच सायनस होतो आणि त्यात गिऱ्हाइकाचे केस सापडतात, ही गोष्ट जन्मजात पिशवीच्या सिद्धांतात कशी बसवणार?

आपल्याकडच्या वाचकांना हे फार नवं वाटू नये. सुश्रुतसंहितेत नाडीव्रणाच्या, म्हणजे नळीसारख्या वाहत्या जखमेच्या प्रकारांत शल्यामुळे (अंगात रुतलेल्या वस्तूमुळे) होणारा प्रकार वेगळा सांगितला आहे, आणि शरीरातूनच निपजणाऱ्या शल्यांत दात, नखांबरोबर केसही मोजले आहेत.

ग्रीक लष्करी सर्जन कारिडाकिस यांनी पुढे हे तीन गोष्टींत बसवलं: सुटे केस, ते आत ढकलणारा जोर, आणि ते आत घेणारी कमजोर त्वचा. कमजोर त्वचा कुठे असते? घळीच्या तळाशी. तिथे घाम असतो, हवा नसते, बसता-उठता दोन्ही बाजूंची त्वचा एकमेकींवर घासते आणि वरून गळालेला प्रत्येक केस घरंगळत तिथेच येतो. आता तिथेच, बरोबर मध्यरेषेवर टाक्यांची नवी ओळ घातली तर जुना सायनस काढला तरी नव्यासाठी ताजा दरवाजा तयार होतो. या मुलाचा सायनस ‘राहून गेला’ नव्हता. घळ तशीच होती आणि तिच्या तळाशी आता व्रणाची कच्ची त्वचा होती, म्हणून तो नव्याने झाला.

आकडेही हेच सांगतात. २०१८ साली एका जर्मन गटाने ७४० अभ्यासांतल्या ८९,५८३ रुग्णांची माहिती एकत्र केली. मध्यरेषेवर टाके घालून बंद केलेल्या जखमांत आजार उलटण्याचं प्रमाण वर्षागणिक चढत जातं आणि वीस वर्षांच्या टप्प्यावर ते ६७.९ टक्क्यांपर्यंत पोचतं. जखम बंदच करायची असेल तर ती मध्यरेषेपासून बाजूला बंद करावी, असं अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनेही त्याआधीच म्हटलं होतं. तरी मध्यरेषेवर शिवलेल्या जखमा अजून ओपीडीत येत राहतात. ऑपरेशन वीस मिनिटांत उरकतं, टाके काढेपर्यंत दिसतंही छान, आणि आजार उलटलेला रुग्ण पुढच्या वेळी दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो.

आमच्यापुढे पर्याय कोणते होते?

जखम उघडी ठेवून आतून भरू देणं हा सर्वांत जुना आणि तसा सुरक्षित मार्ग. पण अनेक आठवडे ड्रेसिंग, तेही घरात रोज कोणी करणारं असेल तर. या मुलाने एकदा दोन महिने ते भोगलं होतं. ते नाव काढताच त्याने मान हलवली. फिनॉल, लेझर, दुर्बिणीतून सायनस साफ करणं, अमेरिकन सर्जन बास्कम यांची फक्त छिद्रं टिपून काढायची पद्धत, हे सगळं पहिल्यांदाच झालेल्या आटोपशीर आजारात जरूर करावं. दोनदा चाकू लागलेल्या, व्रणाने ताठरलेल्या, बाजूला तोंड फुटलेल्या जागी त्यांच्यावर भिस्त ठेवायला मी तयार नव्हतो.

मग उरले फ्लॅप. त्यातला झेड-प्लास्टी मी लगेच बाजूला ठेवला. टोकं काळी पडतात आणि बधिरपणा जास्त. व्ही-वाय हा मोठ्या खड्ड्यासाठी, दोन्ही बाजूंना फाटे फुटलेल्या आजारासाठी राखून ठेवण्याचा फ्लॅप. इथे तो म्हणजे गरजेपेक्षा फार मोठं काम झालं असतं. खरी निवड तिघांतून होती: कारिडाकिस, बास्कम यांचा क्लेफ्ट लिफ्ट आणि लिम्बर्ग.

कारिडाकिस पद्धतीत मध्यरेषेच्या एका बाजूला लंबगोल छेद घेतात, त्याची दोन्ही टोकं मध्यापासून साधारण दोन सेंटिमीटर बाहेर. आजारी भाग काढून पलीकडची कड खालून मोकळी करायची, ती ओढून आणून हाडावरच्या आवरणाला आणि या बाजूच्या कडेला शिवायची. टाक्यांची पूर्ण ओळ बाजूला जाते आणि घळ उथळ होते. १९९२ साली स्वतः कारिडाकिस यांनी ६,५४५ रुग्णांचा अहवाल दिला, त्यात आजार उलटण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. इतक्या निगुतीने एकच ऑपरेशन करणाऱ्या माणसाचे आकडे आपल्या हाताला लागतीलच असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे. क्लेफ्ट लिफ्ट त्याचाच अधिक नाजूक भाऊ: चरबी फारशी न काढता फक्त त्वचा उचलून घळच वर आणायची.

लिम्बर्ग मुळात चेहरा-जबड्याचे सर्जन, लेनिनग्राडचे. त्यांच्या फ्लॅपचं सौंदर्य भूमितीत आहे. समभुज चौकोन आखायचा, वरचा-खालचा कोन ६० अंशांचा, बाजूचे १२० अंशांचे. असा चौकोन म्हणजे पाठीला पाठ लावून ठेवलेले दोन समभुज त्रिकोण, त्यामुळे त्याचा लहान कर्ण बाजूएवढाच भरतो. तो कर्ण तेवढ्याच लांबीने नितंबावर बाहेर न्यायचा, तिथून ६० अंशांत तेवढीच रेघ खाली आणायची, की झाला फ्लॅप. सगळ्या रेघा एकाच मापाच्या. फ्लॅप फिरून खड्ड्यात बसतो, त्याची मागची जागा आपोआप मिटते आणि मध्यभागी ताण नसलेली जाड, निरोगी त्वचा येते.

कारिडाकिस आणि लिम्बर्ग यांची तुलना करणारे अभ्यास भरपूर आहेत, बरेचसे तुर्कस्तानातले. निकाल कधी इकडे झुकतात, कधी तिकडे. आजार उलटण्यात दोघांत फार अंतर नाही. कारिडाकिसला वेळ कमी लागतो आणि व्रण बरा दिसतो. लिम्बर्गमध्ये ताण कमी पडतो पण नितंबावर कायमची भौमितिक खूण राहते. माझ्या मते या दोघांची कुस्ती लावण्यात फारसा अर्थ नाही. जे दोघांत समान आहे तेच काम करतं: शेवटचा टाका घळीच्या तळाशी नसणं. आणि नेमकं इथेच जुना लिम्बर्ग कमी पडतो. चौकोन मध्यरेषेवर सरळ उभा आखला तर त्याचं खालचं टोक गुदद्वाराच्या वर, घळीच्या सर्वांत खोल, सर्वांत ओल्या जागी पडतं. लिम्बर्गनंतर आजार उलटला तर तो बहुतेक वेळा त्याच टोकाशी उलटतो. म्हणून सुधारित लिम्बर्गमध्ये चौकोन तिरपा करतात आणि खालचं टोक दीड-दोन सेंटिमीटर बाजूला, फ्लॅप घेतलेल्या नितंबाच्या विरुद्ध दिशेला नेतात. बदल एवढाच, पण माझ्या लेखी तो फ्लॅपच्या नावापेक्षा मोलाचा आहे.

या रुग्णात कारिडाकिस का नाही? डावीकडचं तोंड तीन सेंटिमीटरवर होतं. ते आणि जुना ताठर व्रण दोन्ही घ्यायचे म्हणजे छेद पाच सेंटिमीटर रुंद होणार आणि तेवढी उजवी कड ओढून आणावी लागणार. उजव्या नितंबाची त्वचा चिमटीत धरून पाहिली. धावून धावून कमावलेलं अंग, चरबी जेमतेम, त्वचा सैल नव्हतीच. ताणून शिवलं असतं तर एकदा उसवलेली जागा पुन्हा उसवायची भीती होती. क्लेफ्ट लिफ्ट रोज करणारा सर्जन कदाचित इथे तोच करेल आणि मी त्याला नाव ठेवणार नाही. बास्कम यांनी तो अशाच फसलेल्या जखमांसाठी वापरला होता. माझा हात लिम्बर्गवर बसलेला आहे, आणि फ्लॅप निवडताना ही गोष्ट अभ्यासांच्या आकड्यांइतकीच धरावी लागते.

मुलाला कागदावर काढून दाखवलं. “शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा काढायचा आणि शेजारून तसाच तुकडा सरकवून बसवायचा.” त्याला आकार कळला. वडिलांना मात्र ‘तुकडा’ या शब्दाची धास्ती बसली, ती जायला थोडा वेळ लागला. व्रण दिसेल, फ्लॅपचा काही भाग बधिर राहील, हेही आधीच सांगितलं. त्याचा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता.

“सर, ग्राउंडला कधी उतरता येईल?”

“धावायचं सहा आठवडे नाव काढायचं नाही. गोळा त्यानंतर.”

“आणि भरतीची तारीख आधी आली तर?”

गळू नव्हतं, घाई नव्हती, थांबता आलं असतं. तसं त्याला सांगितलं. धावताना वाहत राहील आणि मध्येच पिकलं तर मैदान तसंही हुकेल, हेही सांगितलं. दोन दिवस विचार करून तो आला. जाहिरात अजून निघालेली नव्हती. आत्ताच करू म्हणाला.

ऑपरेशन कमरेतून भूल देऊन, पालथं झोपवून केलं. नितंब चिकटपट्टीने फाकवण्याआधीच दोन्ही बाजूंची त्वचा जिथे एकमेकींना टेकते ती रेघ पेनने आखून घेतली. पट्ट्या ओढल्यावर घळ नाहीशी होते आणि मध्यरेषा कुठे, धोक्याची जागा कुठे याचा अंदाज चुकतो. आखलेली रेघ मात्र जागच्या जागी राहते. केस क्लिपरने काढले, ब्लेडने नाही. सायनस कुठवर गेला आहे ते दिसावं म्हणून डावीकडच्या तोंडातून थोडं मिथिलिन ब्लू हलकेच सोडलं. जोराने सोडलं की निळा रंग निरोगी चरबीतही पसरतो आणि मग नको तेवढं कापलं जातं.

चौकोनाची बाजू ५ सेंटिमीटर धरली, म्हणजे लांब कर्ण सुमारे ८.७ सेंटिमीटर. मध्य थोडा डावीकडे सरकवला, म्हणजे डावीकडचं तोंड आत आलं. खालचं टोक डावीकडे जवळपास दोन सेंटिमीटर नेलं. फ्लॅप उजव्या नितंबावरून, त्वचा-चरबीसकट, स्नायूच्या आवरणापर्यंत उचलला. आजारी भाग हाडावरच्या आवरणापर्यंत काढला. हाड खरवडत बसायचं कारण नसतं, तिथे आजार नसतोच.

काढलेला तुकडा ट्रेमध्ये उभा चिरला. आत निळ्या भिंतींची पोकळी आणि तिच्यात केसांचा गुंता. बरेचसे तोकडे, जेमतेम काही मिलिमीटरचे. चिमट्याने उचलून दिव्याखाली धरले तर एकालाही मूळ नव्हतं, दोन्ही टोकं कापलेली आणि टोकदार. असे केस तिथले नसतात. २०१८ मध्येच सायनसमधल्या केसांची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा त्यात डोक्याच्या मागच्या बाजूचे, कापताना उडालेले तुकडे मोठ्या संख्येने आढळले होते. भरतीची मुलं मशीन मारून केस बारीक ठेवतात. कॉलरमधून आत गेलेले तुकडे पाठीच्या पन्हळीतून घरंगळत बरोबर घळीत येऊन साठतात. तुकडा तपासणीला पाठवला. अहवालात साधा जुनाट सायनस, दुसरं काही नाही.

फ्लॅप सहज फिरला, ताण नव्हता. आत ड्रेन ठेवला. ड्रेनने फरक पडतो का यावर दुमत आहे, पण पाणी साठून फ्लॅप उचलला जाण्यापेक्षा दोन-तीन दिवस नळी बरी. आत विरघळणारे टाके, वर नायलॉन.

पुढची काळजी पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकतात: ‘दोन आठवडे बसणं टाळावं.’ आपल्याकडे प्रश्न बसण्याचा कमी आणि उकिडवं बसण्याचा जास्त असतो. घरात भारतीय पद्धतीचा संडास. उकिडवं बसलं की नितंबांची त्वचा दोन्हीकडे ताणली जाते आणि सगळा जोर टाक्यांच्या खालच्या कोपऱ्यावर येतो. म्हणून डिस्चार्जच्या आधीच वडिलांना बाजारातून संडासावर ठेवायची प्लॅस्टिकची कमोड खुर्ची आणायला लावली. रात्री इसबगोल, दिवसा भरपूर पाणी. मोटारसायकल सहा आठवडे बंद. ती सर्वांत अवघड अट निघाली.

ड्रेन तिसऱ्या दिवशी काढला. सातव्या दिवशी खालच्या टोकाशी एक टाका सुटला, सेंटिमीटरभर जागा उघडी पडली आणि पिवळसर पाणी आलं. वडिलांचा चेहरा उतरला. मागच्या वेळीही इथूनच सुरुवात झाली होती. पण मागच्या वेळची उघडी जागा घळीच्या तळाशी होती, ही बाहेरच्या उतारावर. बोटाने नितंब न फाकवताही ती दिसत होती, तिथे हवा लागत होती, कापसाचा बोळा टिकत होता. फ्लॅपचा रंग चांगला होता, दाबल्यावर पांढरा होऊन लगेच गुलाबी व्हायचा. काही केलं नाही. रोज धुणं आणि कोरडं ड्रेसिंग. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ती जागा भरली. बाकीचे टाके चौदाव्या दिवशी काढले होते.

केसांबद्दल सूचना दोन दिल्या. एक, जागेवर ब्लेड मारायचं नाही. वस्तरा फिरवत राहणाऱ्यांत आजार जास्त उलटल्याचं जर्मनीतल्या लष्करी रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात दिसलं आहे. परवडलं तर लेझर, नाहीतर काहीच नको. दोन, केस कापून आल्यावर सरळ अंघोळ, पाठीवरून पाणी ओतून, कपडे बदलून. दुसरी सूचना ऐकून तो हसला. ट्रेमधल्या केसांचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवल्यावर हसणं थांबलं.

सातव्या आठवड्यात तो हळू धावायला लागला, तीन महिन्यांनी पूर्ण सराव. त्या वर्षीची भरती उशिरा निघाली म्हणून मैदान हुकलं नाही. १६०० मीटर वेळेत झाले, लेखी परीक्षेत काही गुणांनी गेला. त्याचं खापर त्याने फ्लॅपवर फोडलं नाही, ही त्याची भलाई.

आता दोन वर्षं होऊन गेली आहेत. मध्यरेषेवर एकही छिद्र नाही, घळ उथळ आहे, फ्लॅपच्या मधोमध रुपयाएवढा भाग अजून बधिर आहे. हे यश आहे का, ते इतक्यात ठरवता येत नाही. या आजारात उलटण्याचा आलेख पाच-दहा वर्षांनंतरही चढत राहतो आणि वर्षभराच्या पाठपुराव्यावर छापलेले ‘शून्य टक्के’ वाचताना ते ध्यानात ठेवायला हवं. वर्षातून एकदा येऊन दाखवून जा, असं त्याला सांगितलं आहे. दुसरी भरती लागल्यामुळे या वर्षी तो अजून आलेला नाही; फोन केला तर म्हणाला, “काही त्रास नाही सर, दिवाळीत घरी आलो की येतो.”